तापट

उभी असताना सनबीम टायगर अगदी सोज्वळ दिसते. चार मीटरांहून आखूड, दोन माणसांपुरती, गोल दिव्यांची, मागच्या कडांना किंचित टोक काढलेली इंग्लिश गाडी. छत मागे टाकून समुद्रकाठानं सावकाश हिंडायला काढावी अशी. मग कुणीतरी किल्ली फिरवतं आणि त्या नाजूक नाकाआडून आठ सिलिंडरांचा खर्ज उमटतो. कानाआधी तळपायांना कळणारा. बघणारा दचकून पुन्हा एकदा तिच्याकडे पाहतो. एवढ्याशा अंगात हे कुठून आलं?

तिचा तिसरा गुण समजायला मात्र उन्हाळ्यातली दुपार आणि लांबलेला लाल सिग्नल लागतो. तापमानाचा काटा मधून निघतो, थबकतो, पुन्हा निघतो. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावरून उडून त्या काट्यावर खिळतं. सिग्नल सुटला तर ठीक. नाही सुटला तर बॉनेटच्या फटीतून वाफ आणि कूलंटचा तो गोडसर वास.

टायगर तापते. तिच्यावर जीव टाकणारी माणसं साठ वर्षं तिच्या तापाबद्दल बोलत आली आहेत. पण मला वाटतं, त्यातल्या बऱ्याच जणांनी तिला नको तो प्रश्न विचारला. किती तापते, असं सगळे विचारतात. कधी तापते, असं विचारलं तर ती सरळ उत्तर देते.

तिचा स्वभाव तिच्या जन्मात आहे. रूट्स ग्रुप या ब्रिटिश कंपनीची सनबीम अल्पाइन ही गाडी अमेरिकेत लोकांच्या डोळ्यांत भरायची, पण पळण्यात मागे पडायची. चार सिलिंडरचं लहान इंजिन, चौथ्या आवृत्तीत १५९२ सीसीचं. फॉर्म्युला वनचा जगज्जेता जॅक ब्रॅबम यानं रूट्सच्या स्पर्धा विभागाचे नॉर्मन गॅराड यांना सुचवलं, हिच्यात फोर्डचं व्ही-एट का बसवत नाही? नॉर्मन यांचा मुलगा इयन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रूट्सची विक्री सांभाळत होता. त्यानं ती कल्पना उचलली. अल्पाइनच्या पोटात मावेल असं इंजिन शोधायला मोजपट्टी बाहेर निघाली आणि फोर्डचं २६० घन इंचांचं, म्हणजे सुमारे ४.२ लिटरचं, पातळ भिंतींच्या ओतकामाचं व्ही-एट पसंत पडलं. अमेरिकी रेसर कॅरोल शेल्बीनं हेच इंजिन १९६२ साली एसी कंपनीच्या छोट्या गाडीत बसवून कोब्रा घडवली होती. इयननं नमुना गाडीसाठी शेल्बीलाच गाठलं, आणि त्यानं दहा हजार डॉलर मागितले. इयनला धीर नव्हता. त्यानं रेसिंग ड्रायव्हर केन माइल्सकडून ८०० डॉलरमध्ये घाईघाईनं दुसरी गाडी तयार करून घेतली, निदान इंजिन मावतं की नाही ते कळावं म्हणून. मावलं. पुढे शेल्बीच्या नमुन्यात इंजिन मागे सरकवलं, स्टिअरिंगची रचना बदलली, आणि १९६३ च्या जुलैत तो नमुना बोटीनं इंग्लंडला गेला. १९६४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या मोटार शोमध्ये टायगर जगासमोर उभी होती. रूट्सच्या घरात नव्या गाडीला कागदावरून रस्त्यावर यायला तीन-चार वर्षं लागत. हिला नऊ महिने लागले.

ही घाई मला तिच्या अंगोपांगी दिसते. वेस्ट ब्रॉमिचच्या जेन्सन कारखान्यात टायगर जोडली जायची. तिथे रंगवून तयार आलेल्या बॉडीच्या आतल्या पत्र्याला कामगार घणाचे ठोके घालत, कारण त्याशिवाय इंजिन आत उतरत नसे. एक स्पार्क प्लग तर असा अडचणीत बसला की तो काढण्यासाठी इंजिन आणि केबिन यांमधल्या फायरवॉलला भोक पाडून वर रबरी बूच लावावं लागलं. म्हणजे तो प्लग बदलायचा तर गाडीत बसून, पायांपाशी वाकून बदलायचा. ऑइल फिल्टरला त्याची मूळ जागा सोडून वर यावं लागलं. अश्वशक्ती अल्पाइनच्या जवळजवळ दुप्पट झाली, १६४. इंजिनासाठी जागा केली गेली, ठोकून, कापून, सरकवून. हवेसाठी जागा करायला नऊ महिन्यांत कुणाला सवड झाली नाही. नाकाचं तोंड तेवढंच राहिलं, आणि आत शिरलेली हवा तापून बाहेर कुठून जाईल याचा विचार अर्धवट राहिला. धुराडं नसलेल्या स्वयंपाकघरात मोठी चूल पेटवावी तशी तिच्या बॉनेटखालची अवस्था आहे. चूल चांगलीच आहे. धूर कुठे जाणार?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी या गाडीवर फार पैसे फुकट गेले आहेत. इंजिन मोठं म्हणून गाडी तापते, असं सरसकट बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. ढोबळ हिशेब असा की पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तिसरा सायलेन्सरवाटे जातो आणि तिसरा पाण्यात उतरतो. उष्णता ठरते ती त्या क्षणी इंजिन किती काम करतंय यावर. त्याच्या पोटात किती लिटर मावतात हा प्रश्न नंतरचा. सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरनं जायला या हलक्या गाडीला तिच्या ताकदीचा लहानसा भाग पुरतो. म्हणून थंड हवेत, मोकळ्या रस्त्यावर टायगर शांत असते. १९६५ च्या जानेवारीत मॉन्टे कार्लो रॅलीत बर्फाचं थैमान होतं, निघालेल्या २३७ गाड्यांपैकी फक्त ३५ पोचल्या. पीटर हार्परनं त्या बर्फातून टायगर चौथ्या क्रमांकावर आणली. त्या वादळात तिच्या काट्याची काळजी कुणाला करावी लागली असेल असं मला वाटत नाही.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेजवळच्या एका गॅरेजात मी एका टायगरला जवळून ओळखू लागलो. गडद हिरवी, पहिल्या आवृत्तीतली. मालकाचं सगळं आयुष्य लेथवर गेलेलं, हातांना हजारांश इंचाची जाण. त्यानं रीतसर सगळं केलं होतं. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर काढून जाड अॅल्युमिनियमचा बसवला, नवा वॉटर पंप घातला, थर्मोस्टॅट ८२ अंशांवर उघडणारा होता तो काढून ७१ अंशांचा लावला. गाडी तरीही तापायची. थर्मोस्टॅटबद्दल त्याला राग होता, पण त्यात थर्मोस्टॅटचा दोष नाही. तो फक्त दार कधी उघडायचं ते ठरवतो. दार लवकर उघडलं म्हणून पलीकडची खोली मोठी होत नाही. ज्या गाडीला उष्णता टाकताच येत नाही, तिला ७१ चा थर्मोस्टॅट उकळायला दोन-चार मिनिटं जास्त देतो, इतकंच.

मी त्याला विचारलं, कधी तापते? तो म्हणाला, नेहमी. मग आम्ही तिला घेऊन बाहेर पडलो. हायवेवर वेगात काटा मधोमध. गावात शिरलो, सिग्नलला थांबलो, चढू लागला. पुन्हा वेग घेतला, उतरला. म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. वेगात रेडिएटर, पंप, पाण्याचा प्रवाह सगळं नीट काम करत होतं. वारा आपणहून येईनासा झाला की ती गुदमरत होती. उलट घडलं असतं, वेगात आणि चढावर काटा चढला असता आणि उभी असताना उतरला असता, तर मी दुसरीकडे पाहिलं असतं: आतून बुजलेल्या नळ्या, ओढीनं चेपणारा खालचा होज पाइप, उशिरा पडणारी ठिणगी. खालचा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. आत तारेची स्प्रिंग नसेल तर इंजिन जोरात फिरताना तो चप्पट होतो आणि बॉनेट उघडून पाहावं तर पुन्हा गोल, निष्पाप. माणसं अशा पाइपच्या पाठीमागे महिनोन्महिने फिरली आहेत.

गॅरेजात परत आल्यावर मालकानं इंजिन चालू ठेवलं आणि आम्ही जाळीसमोर पातळ कागद धरला. पंखा जोमानं हवा ओढत असता तर कागद जाळीला चिकटला असता. तो मधोमध चिकटला आणि कडांना फडफडून सुटला. काही ठिकाणी तर हवा उलटी, समोर येत होती. हात धरला तर गरम. हाच तिचा खरा आजार. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली फटी होत्या. रेडिएटर धरणाऱ्या पत्र्यातली हॉर्नजवळची भोकं उघडी होती. टायगरच्या जाणत्या मालकांचा पहिला संशय नेहमी याच भोकांवर असतो. पंख्यानं मागे फेकलेली तापलेली हवा त्या फटींतून पुढे येऊन पुन्हा रेडिएटरमध्ये शिरत होती. हिशेब सोपा आहे. बाहेर ३५ अंश आणि पाणी ९५ अंश असेल तर उष्णता सोडायला ६० अंशांची उतरण मिळते. रेडिएटरसमोर हवाच ६५ अंशांची आली तर उतरण निम्मी होते. मग रेडिएटर दुप्पट जाड करा, पंप कसाही घ्या, गाडी आपलाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत घेत राहते.

त्या दिवशी मालकाचा चेहरा पाहण्यासारखा होता. महागडा रेडिएटर बसवणाऱ्या दुकानानं त्याला या फटींबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. उरलेली दुपार आम्ही पातळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापण्यात आणि कडांना रबर लावण्यात घालवली. हॉर्न दुसरीकडे हलवले, भोकं बंद केली, रेडिएटरच्या खाली एक आडवी पट्टी घातली, समोरून आलेल्या हवेनं खालून पळ काढू नये म्हणून. हवा आळशी असते. रेडिएटरच्या दाट जाळीतून जाण्याऐवजी तिला कडेची अर्ध्या इंचाची फट कधीही पसंत.

मग पंखा. टायगरच्या इंजिनाला पट्ट्यानं फिरणारा पंखा असतो, म्हणजे इंजिन सावकाश फिरलं की तोही सावकाश. हवेची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा तो सर्वांत सुस्त. त्यातून त्याच्याभोवती श्राउड नसेल, म्हणजे पंख्याला वेढणारं आणि रेडिएटरला चिकटणारं कडं नसेल, तर तो पात्यांसमोरच्या गोलाइतकीच हवा ओढतो. रेडिएटरचे चारही कोपरे नुसते शोभेला. श्राउडमध्ये पंख्याची पाती साधारण निम्मी आत, निम्मी बाहेर असली की कोपऱ्यांतूनही हवा येते. पण या गाडीत इंजिनाचं नाक आणि रेडिएटर यांच्यात जागा इतकी थोडी की हे कडं बसवणं म्हणजे कसोटी. आमच्या मालकानं लाकडाचा साचा करून पत्रा वाकवला, एकदा नाही तर जमेपर्यंत. त्याच्या लेथवरच्या आयुष्याचं चीज त्या कड्यात दिसतं. काही जण इथे पट्ट्याचा पंखा काढून रेडिएटरच्या मागे विजेचा पंखा लावतात. तोही मार्ग चांगला, फक्त जुना डायनॅमो त्याचा भार पेलत नाही, मग अल्टरनेटर घ्यावा लागतो. एमजीबी जीटी व्ही-एट ही १९७३ पासूनची गाडी पाहा. तीही छोट्या इंग्लिश गाडीत मोठं इंजिन बसवून केलेली, पण तिथे कारखान्यानंच रेडिएटर पुढे सरकवला आणि विजेचे दोन पंखे दिले. टायगरच्या वेळी रूट्सला ही सवड मिळाली असती तर तिच्याबद्दलचे निम्मे किस्से जन्मलेच नसते.

आत गेलेली हवा बाहेर काढणं हे दुसरं आणि अवघड काम. इथे लोक एक सोपा उपाय करतात: बॉनेटच्या मागच्या बाजूला वॉशर लावून ते थोडं उचलतात. गाडी उभी असताना यानं बरं वाटतं, गरम हवा वर निसटते. पण वेगात काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब जास्त असतो, त्यामुळे त्या फटीतून हवा बाहेर जाण्याऐवजी आत येते आणि रेडिएटरमागचा दाब वाढवते. गाडी गावात थंड आणि हायवेवर गरम व्हायला लागते, आणि मालक बिचारा पुन्हा रेडिएटरच्या दुकानात. आम्ही हिच्या बॉनेटवर लोकरीचे छोटे धागे चिकटवले आणि मी शेजारच्या गाडीतून पाहत गेलो. काचेजवळचे धागे गोंधळलेले, उलटसुलट. नाकाच्या मागे, रेडिएटरच्या थोडं मागच्या भागात मात्र धागे वर उठलेले, जणू बॉनेटपासून सुटू पाहत. तिथे दाब कमी. हवेला बाहेर पडायचं दार पाडायचं तर ते तिथे.

पण मालक तिच्या बॉनेटला भोक पाडायला तयार नव्हता, आणि मी त्याला दोष देत नाही. टायगर सात हजारांहून थोड्याच जास्त बनल्या. १९६७ साली त्या बंद झाल्या, कारण रूट्स विकत घेणाऱ्या क्रायस्लरला प्रतिस्पर्धी फोर्डचं इंजिन घालणं परवडणारं नव्हतं आणि त्यांचं स्वतःचं व्ही-एट हिच्या पोटात बसत नव्हतं, डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला असल्यामुळे. म्हणजे अडचणीनंच तिला घडवलं आणि अडचणीनंच संपवलं. अशा गाडीच्या मूळ पत्र्याला करवत लावताना हात थांबणारच. आम्ही मग चाकांच्या आतल्या बाजूच्या पत्र्यांकडे वळलो. तिथे जाळीच्या खिडक्या करता येतात, बाहेरून दिसत नाहीत आणि पुन्हा बंद करता येतात. एक्झॉस्टचे पाइपही सिरॅमिकचा थर देऊन घेतले, त्यांची धग बॉनेटखाली पसरू नये म्हणून.

पाण्याचीही एक गोष्ट आहे. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं केलं की साध्या पाण्यापेक्षा उष्णता वाहण्याची ताकद कमी होते, पण गंज लागत नाही आणि उकळण्याचा बिंदू वर जातो. एक बारचं दाबाचं झाकण धड असेल तर हे मिश्रण १२५ अंशांच्या पुढे गेल्यावरच उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं तर ही सगळी सवलत संपते, आणि झाकण ही या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत स्वस्त वस्तू. हेड गॅस्केटबद्दल मात्र सावध राहायला हवं. फोर्डच्या या इंजिनाच्या गॅस्केटवर पुढची बाजू कोणती ते लिहिलेलं असतं, कारण पाण्यानं आधी ब्लॉकच्या मागच्या टोकापर्यंत जाऊन मग वर हेडमध्ये चढावं अशी तिची भोकं असतात. ती उलटी बसली तर पाणी पुढूनच वर चढून परत येतं आणि मागचे सिलिंडर तहानलेले राहतात. बाहेरून काही कळत नाही, काटाही कधीकधी गप्प असतो. हिची सुदैवानं बरोबर होती.

ठिणगीची वेळ मालकानं स्वतः दुरुस्त केली. आधीच्या कुणीतरी व्हॅक्युमची नळी काढून बूच मारलं होतं. त्यामुळे सावकाश फिरताना ठिणगी उशिरा पडत होती, पेट्रोल जळता जळता एक्झॉस्टमध्ये जात होतं आणि हेड फुकट तापत होतं. नळी जोडली, वेळ पुढे आणली, तेवढ्यानं गावातला काटा खाली बसला. या एका नळीनं मला जितका आनंद दिला तितका कुठल्याही महागड्या भागानं नाही.

शेवटची परीक्षा माउंट हॅमिल्टनची. सॅन होजेच्या पूर्वेला असलेल्या या डोंगराच्या माथ्यावर लिक वेधशाळा आहे, १२८० मीटरांच्या आसपास उंचीवर, आणि तिथपर्यंतचा रस्ता वळणांचा. वेग कमी, काम जास्त, वारा नाही. तापट गाडीला उचकवायला याहून चांगली जागा नाही. ऑगस्टच्या दुपारी आम्ही चढलो. काटा मधल्या रेषेच्या थोडा वर गेला आणि तिथे थांबला. वर पोचून इंजिन बंद केलं तेव्हा मात्र तिनं आपला उरलेला हट्ट दाखवला. पंप थांबला, पण लोखंडातली उष्णता थांबत नाही. ती पाण्यात, कार्बोरेटरमध्ये, पेट्रोलच्या नळीत चढत राहिली, आणि थोड्या वेळानं गाडी चालू करताना पेट्रोलची वाफ अडली. दोनदा घरघरली, मग आठही सिलिंडर एकदम बोलले.

उतरताना मालक खुशीत होता. आता १९६७ च्या दुसऱ्या आवृत्तीतलं २८९ घन इंचांचं इंजिन बसवायचं, वर चार नळ्यांचा कार्बोरेटर, असं त्याचं चाललं होतं. मी म्हटलं, बसव. पण त्याआधी डाव्या चाकाच्या आतली खिडकी अजून दोन बोटं रुंद करून घेऊ, आणि पेट्रोलची नळी हेडपासून दूर नेऊ. तो तिथेच रस्त्याच्या कडेला थांबला, बॉनेट उघडलं आणि नळी कुठून नेता येईल ते बोटानं दाखवायला लागला.